समुद्रात उतरलेले हेलिकॉप्टर आणि कृष्णेत पोहणारा भाचा : एक शंका

सांगलीकर_मामा :

नमस्कार. माझा भाचा भिलवडीचा आहे. त्याने इन्स्ट्रुमेंटेशनची पदविका घेतली असून, एका कंत्राटदारामार्फत त्याला मुंबई हायवरील एका प्लॅटफॉर्मवर नोकरी मिळाली आहे. चौदा दिवस समुद्रात काम आणि चौदा दिवस घरी सुट्टी, अशी पाळी आहे. जाणे-येणे जुहूहून हेलिकॉप्टरने होणार आहे. पगार चांगला आहे आणि मुलगाही खूश आहे, मात्र माझ्या बहिणीच्या तोंडचे पाणी पळाले आहे.

तिला आठवते ती 28 जून 2022 ची बातमी. जुहूहून निघालेले एक हेलिकॉप्टर 'सागर किरण' रिगजवळ अरबी समुद्रात उतरले. त्यात दोन वैमानिक धरून नऊ जण होते, त्यांपैकी पाच वाचले आणि चौघे दगावले. माझी शंका या बातमीतूनच निघाली आहे. हेलिकॉप्टरला पाण्यावर तरंगत ठेवणारे फुगे उघडले होते, रिग डोळ्यांसमोर होती, मदतीला नौका होत्या, वेळ दिवसाची होती. इतके सगळे अनुकूल असताना चौघे कसे गेले? विमान डोंगरावर आदळले तर माणूस वाचत नाही हे कळते, पण पाण्यावर उतरलेल्या यंत्रातून बाहेर पडून तरंगत राहणे इतके अवघड का असावे?

भाच्याला हा प्रश्नच पडत नाही. तो तालमीत वाढलेला, अंगाने दांडगा आणि पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उडी मारणाऱ्यांपैकी एक आहे. 'मामा, मला आणि पाण्याची भीती?' असे म्हणून तो विषय संपवतो. त्याच्या आईने मात्र 8 ऑगस्ट 2019 रोजी शेजारच्या ब्रह्मनाळमध्ये पुरात नाव उलटली तेव्हाचा आक्रोश ऐकलेला आहे, आणि पोहता येणारी माणसेही पाण्यात जातात हे तिला कोणी सांगावे लागत नाही. या दोघांपैकी बरोबर कोण, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

खारा_वारा :

मामासाहेब, मी इस्लामपूरचा. गेली काही वर्षे याच पाळीने समुद्रात जातो, त्यामुळे अनुभवावरून लिहितो. आपल्या भगिनी बरोबर आहेत. त्यांनी भाच्याला जाऊ देऊ नये असे मी म्हणणार नाही, परंतु त्याच्या पोहण्याचा भरवसा मात्र धरू नये.

हेलिकॉप्टर समुद्रात उतरले की बुडण्याआधी बहुधा उलटते, ही मूळ गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी. उलटलेल्या केबिनमध्ये माणूस डोके खाली, पाय वर अशा स्थितीत पट्ट्याने खुर्चीला बांधलेला असतो, नाकात पाणी जात असते, डोळ्यांपुढे फेस आणि अंधार असतो. तिथे पोहायला जागाच नसते. तिथून बाहेर पडणे हे पोहणाऱ्याचे काम नाही. चौकटीवरचा हात न सोडता खिडकीतून स्वतःला ओढून काढणाऱ्याचे ते काम आहे.

म्हणूनच समुद्रात जाण्यापूर्वी एक प्रशिक्षण घ्यावे लागते. आमच्यात त्याला 'ह्यूएट' म्हणतात, म्हणजे पाण्याखाली गेलेल्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याचा सराव. गोव्यात बेतूल येथे ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था आहे, आणि इतरत्रही असे तलाव आहेत. तलावावर केबिनचा सांगाडा क्रेनला टांगलेला असतो. खुर्चीत बसवून, पट्टे बांधून तो पाण्यात सोडतात आणि मग पूर्ण उलटा करतात. पाणबुडे आतच थांबलेले असतात.

पहिल्याच उलटीत मी काय केले ते सांगतो, कारण आपला भाचाही नेमके तेच करील. पाणी छातीपर्यंत आले तसा मी पट्टा सोडला आणि लहानपणापासूनच्या सवयीने वर जाण्यासाठी हात मारला. पण त्या क्षणी 'वर' होती ती केबिनची जमीन. डोके तिच्यावर आपटले, खिडकी कोणत्या बाजूला राहिली ते समजेना, आणि ज्याच्या पायाने माझ्या तोंडावर लाथ बसली तो शेजारीही माझ्यासारखाच भांबावलेला होता. पाणबुड्याने दंडाला धरून बाहेर काढले. आमच्या तुकडीत एक सोलापूरकडचे गृहस्थ होते, त्यांना अजिबात पोहता येत नव्हते. ते शांतपणे सांगितले तसेच करीत गेले आणि पहिल्या खेपेला सुटले. वर येऊन लाइफ जॅकेटवर तरंगत ते माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मला अजून आठवते.

सांगितलेले असते ते असे. पाण्याला टेकण्यापूर्वीच एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा आणि काही झाले तरी तो सोडायचा नाही. दुसरा हात पट्ट्याच्या कडीवर. केबिन उलटताना काहीही करायचे नाही, सगळे हलणे थांबेपर्यंत श्वास धरून बसून राहायचे. मग खिडकी ढकलून बाहेर पाडायची, चौकट घट्ट धरायची, आणि त्यानंतरच पट्टा सोडून स्वतःला ओढून घ्यायचे. पट्टा शेवटी का, हे तलावात एकदा चुकल्यावर कायमचे कळते. पट्टा बांधलेला असतो तोवर खिडकी आपल्या उजव्या हाताला असेल तर उलटे झाल्यावरही ती उजव्या हातालाच राहते. पट्टा सुटला की दिशा सुटली. शिवाय मोकळ्या शरीराने खिडकीला धक्का दिला तर खिडकी जागची हलत नाही, आपणच मागे ढकलले जातो. धक्का द्यायला पाठीला खुर्ची लागते.

आणि लाइफ जॅकेट आत असताना चुकूनही फुगवायचे नाही. फुगलेले जॅकेट माणसाला केबिनच्या वरच्या बाजूला चिकटवून ठेवते, आणि खिडकी असते खाली. भाच्याला विचारून पाहा, पाणी दिसताच जॅकेटची दोरी ओढायची नाही हे त्याच्या हाताला पटेल का? डोक्याला चटकन पटते, हाताला पटायला वेळ लागतो.

कोरेगावचा_माजी_नौसैनिक :

खारा_वारा यांनी उत्तम लिहिले आहे. मी नौदलात हेलिकॉप्टरच्या कर्मचाऱ्यांत होतो. कोची येथे आयएनएस गरुड या नौदलाच्या हवाई तळावर याच सरावाची सोय आहे आणि त्या तलावाचे पाणी मीही पुष्कळ प्यायलो आहे. हेलिकॉप्टर उलटते का, आणि सगळेच अपघात सारखे का नसतात, या दोन गोष्टींची मी भर घालतो.

हेलिकॉप्टरचे वजन डोक्यावर असते. इंजिने, मुख्य गिअरबॉक्स आणि पंख्याची मूठ हे सारे जड सामान केबिनच्या छतावर बसवलेले, आणि खाली माणसांचा पोकळ डबा. डोक्यावर भरलेली घागर घेऊन होडीत उभे राहण्यासारखाच हा प्रकार आहे. पोटाशी फुगणारे फुगे त्याला तरंगत ठेवतात; परंतु तरंगत ठेवणे आणि सरळ ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. समुद्र शांत असेल तर सरळ राहते. लाट बाजूने आली, एक फुगा फाटला किंवा उतरताना यंत्र तिरके टेकले, तर उलटते, आणि उलटल्यावरही त्याच फुग्यांवर तरंगत राहते. त्यामुळे 'फुगे उघडले होते' एवढ्या वाक्यावरून आतल्या माणसांचे काय झाले असेल याचा अंदाज करता येत नाही. मामांच्या शंकेची गाठ मला वाटते इथेच आहे.

दुसरी गोष्ट, इंग्रजी वृत्तपत्रे ज्याला 'डिचिंग' म्हणतात, म्हणजे वैमानिकाने ठरवून, वेग आणि उंची ताब्यात ठेवून पाण्यावर उतरवणे, ते आणि पाण्यावर आदळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 2012 साली ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात ईसी 225 जातीची दोन हेलिकॉप्टरे अशी उतरवावी लागली, मे महिन्यात 14 जणांसह आणि ऑक्टोबरमध्ये 19 जणांसह. दोन्ही वेळी गिअरबॉक्समधील उभ्या दंडाला तडा जाऊन तेलाचे पंप बंद पडले होते. गंमत अशी, की अशा वेळी गिअरबॉक्स थंड ठेवणारी आणीबाणीची यंत्रणा प्रत्यक्षात चालू होती, मात्र ती बंद पडल्याचा खोटा इशारा वैमानिकांना मिळाला. त्यांनी इशाऱ्यावर विश्वास ठेवून यंत्र पाण्यावर टेकवले, आणि सर्वच्या सर्व 33 माणसे वाचली. त्याआधी फेब्रुवारी 2009 मध्ये रात्री धुक्यात सुपर प्युमा जातीचे एक हेलिकॉप्टर प्लॅटफॉर्मजवळ नकळत पाण्याला टेकले, तरी ते सरळ तरंगत राहिले आणि 18 च्या 18 जण तराफ्यांवर चढले.

त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच, 12 मार्च 2009 रोजी, कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापासून दूर एस-92 जातीचे हेलिकॉप्टर पडले. तेलगाळणीची वाटी धरून ठेवणारे टायटॅनियमचे खिळे तुटले, गिअरबॉक्समधील सगळे तेल वाहून गेले, आणि किनारा गाठण्याच्या प्रयत्नात असताना ते मोठ्या वेगाने पाण्यावर आदळले. 18 पैकी एकच माणूस वाचला. अशा आघातापुढे कोणतेही प्रशिक्षण तोकडे पडते, हेही भाच्याच्या आईला स्पष्ट सांगितले पाहिजे. खोटा धीर देण्यात अर्थ नाही.

ज्या अपघातात माणसे आघातातून वाचतात आणि मग पाण्यात जातात, तिथेच सराव उपयोगी पडतो. ऑगस्ट 2013 मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांजवळ सम्बर्ग येथे एक सुपर प्युमा उतरण्याच्या बेतात असताना वेग गमावून पाण्यात पडले आणि लगेच उलटले. 18 पैकी 14 जण वाचले, ते उलट्या, बुडालेल्या केबिनमधून निघून. या अपघातानंतर ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने नियम आवळले. सहा मीटरहून उंच लाटा असतील तर उड्डाण बंद करण्यात आले, आणि प्रवाशाला पाण्याखाली काही श्वास घेता येतील असे हवेचे छोटे नळकांडे जॅकेटसोबत असलेच पाहिजे असे ठरले. आणखी एक नियम तर मला फार शहाणपणाचा वाटतो. 2015 पासून तिथे प्रवाशाच्या खांद्यांची रुंदी मोजतात. ती 22 इंच किंवा अधिक भरली तर त्या माणसाला मोठ्या खिडकीजवळच बसवतात, कारण रुंद माणूस लहान खिडकीत अडकला तर त्याच्या मागचेही अडकतात.

एका बाबतीत आपला समुद्र दयाळू आहे. उत्तर समुद्राच्या थंड पाण्यात पडताच माणसाला हुंदका बसतो आणि धरलेला श्वास सुटतो; म्हणून तिकडे सर्वांना अंगभर जलरोधक पोशाख घालावा लागतो. अरबी समुद्राचे पाणी जूनमध्ये 28 अंशांच्या आसपास असते. इथे थंडी मारत नाही, पावसाळ्यातली लाट मारते.

चौकस_कराडकर :

एक बाळबोध प्रश्न विचारतो. वजन वर आहे म्हणून उलटते, तर काही फुगे वरच्या बाजूलाच का लावत नाहीत?

कोरेगावचा_माजी_नौसैनिक :

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. अभियंत्यांनी नेमका हाच विचार केलेला आहे. इंजिनाच्या झाकणाशी, उंचावर, जादा फुगे बसवले तर हेलिकॉप्टर पुरते पालथे न होता कुशीवर थांबते. मग एका बाजूच्या खिडक्या पाण्याच्या वर राहतात आणि आत श्वासापुरती हवा उरते. सम्बर्गनंतरच्या ब्रिटिश अहवालातही या कल्पनेचा पुरस्कार आहे. तथापि, वापरात असलेल्या यंत्रांवर अशी भर घालणे म्हणजे वजन, खर्च आणि नव्याने मान्यता घेणे आले, त्यामुळे कल्पना जुनी असूनही गाडे पुढे सरकताना दिसत नाही. तोपर्यंत उलटणार हे गृहीत धरूनच माणसाला तयार करायचे, असा व्यवहार चालू आहे.

सांगलीकर_मामा :

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भाच्याला हे सगळे वाचायला दिले. 'पट्टा शेवटी' या वाक्यावर तो बराच वेळ थांबला आणि नंतर त्याने पुलाचा विषय काढला नाही.

आता ताईच्या वतीने एक अप्रिय प्रश्न विचारतो. देव न करो, पण काही घडलेच, तर पुढे काय होते? चौकशी कोण करते, कंत्राटी कामगाराच्या घरच्यांना कोण विचारते, आणि बातमी कशी कळते? 2022 साली दिवसभर दूरचित्रवाणीवर आकडे बदलत होते, ते तिने पाहिले आहे.

वकील_मिरज :

चौकशीविषयी प्रथम. देशातील विमान अपघातांचा तपास 2012 पासून केंद्राचा विमान अपघात तपास विभाग करतो. या तपासाचा हेतू आंतरराष्ट्रीय करारानुसार एकच असतो, तो म्हणजे तसा अपघात पुन्हा होऊ नये. दोष कोणाचा आणि भरपाई किती, हे त्या अहवालात ठरत नाही. पुष्कळ कुटुंबे त्या अहवालाची न्यायनिवाड्यासारखी वाट पाहत बसतात आणि त्यात दाव्याचा काळ निघून जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. भरपाईचा मार्ग वेगळा आहे आणि तो त्याच वेळी चालू ठेवावा.

कंत्राटी असल्याने हक्क नाहीसा होत नाही. 1923 च्या कायद्यापासून चालत आलेले आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेतलेले तत्त्व असे, की कंत्राटदाराच्या कामगाराला कामात अपघात झाला तर ज्या संस्थेचे काम चालू होते तिच्याकडूनही भरपाई मागता येते. मागाहून ती संस्था कंत्राटदाराकडून वसूल करील. भविष्य निर्वाह निधीचे खाते असेल तर त्याच्याशी जोडलेल्या विमा योजनेतून वारसांना सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, मात्र त्यासाठी वारसाची नोंद पूर्ण असली पाहिजे. आमच्याकडे येणारी निम्मी भांडणे वारसनोंदीत लग्नानंतर बदल न केल्याची असतात.

स्वतंत्र आयुर्विमा घेत असाल तर अर्जात 'समुद्रातील प्लॅटफॉर्मवर काम, हेलिकॉप्टरने प्रवास' असे स्पष्ट लिहा. हप्ता थोडा वाढेल तर वाढू द्या. लपवलेली माहिती दाव्याच्या वेळीच बाहेर येते. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या आणि प्रशिक्षणाचे दाखले यांची एक प्रत घरी ठेवा. प्रवाशांच्या यादीतील नाव आणि आधारकार्डावरील नाव अक्षरशः एक असू द्या. समुद्रात मृतदेह न मिळाल्यास सात वर्षे थांबावे लागते असा सर्वत्र समज आहे. बेपत्ता माणसाविषयीचे ते सर्वसाधारण गृहीतक आहे. माणूस त्या हेलिकॉप्टरमध्ये होता हे यादीवरून सिद्ध झाले, तर मृत्यू पुराव्याने त्याआधीही शाबीत करता येतो, आणि तिथे एका अक्षराची चूक वारसांना वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावते.

खारा_वारा :

वकीलसाहेबांनी कागदांचे सांगितले, मी घरातले सांगतो. आमच्या घरी एक नियम केला आहे. अपघाताची बातमी आली की प्रथम माझ्या पाळीची तारीख पाहायची. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर जाण्याचा आणि परतीचा दिवस लाल शाईने लिहिलेला असतो, त्याशेजारी कंत्राटदाराच्या मुंबई कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. व्हॉट्सॲपवरच्या नावांच्या याद्यांवर विश्वास ठेवायचा नाही, त्या पुढे पाठवायच्या तर मुळीच नाहीत. अपघातानंतर समुद्रातून सर्वांना लगेच घरी बोलता येईलच असे नाही, त्यामुळे माझा फोन आला नाही याचा अर्थ वाईटच घ्यायचा नाही, हेही आईला समजावून ठेवले आहे. ती समजल्यासारखे करते.

वाचलेल्या माणसांविषयीही दोन शब्द लिहितो, कारण त्यांचे पुढे काय झाले हे बातमीत येत नाही. हेलिकॉप्टर हेच कामावर जाण्याचे वाहन असल्याने, जो त्यातून वाचला त्याला नोकरी टिकवायची तर पुन्हा त्याच खुर्चीत बसावे लागते. काहींना ते जमते, काही जण किनाऱ्यावरचे काम मागून घेतात. अशा माणसाला गावाने 'पुनर्जन्म झाला, आता कसली भीती' असे म्हणू नये. झोप न लागणे, बंद खोलीत घुसमटणे, अंघोळीच्या वेळी डोक्यावर पाणी ओतताना दचकणे, हे सगळे होऊ शकते आणि त्यावर डॉक्टरांचे उपचार असतात.

भाच्याला एक सांगा. प्रशिक्षण एकदाच घेऊन विसरायचे नसते. ब्रिटनच्या ऑपिटो संस्थेच्या धर्तीवरचे प्रमाणपत्र चार वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. मी तर दर खेपेला जुहूला खुर्चीत बसलो की डोळे मिटून हात फिरवतो : चौकट, कडी, चौकट. सुरुवातीला शेजारचे हसायचे. आता काही जण तेच करतात.

सांगलीकर_मामा :

वारसनोंदीत ताईचे नाव काल घातले, आणि दिनदर्शिकाही भिंतीवर लागली. तिने एकच अट घातली आहे, की प्रशिक्षणात तो पहिल्या खेपेला सुटला की नाही हे त्याने खरे सांगावे. त्याने कबूल केले आहे.

खांद्यांच्या रुंदीचे वाचून घरात थोडी धांदल उडाली. शिंप्याच्या टेपने मोजले तर ती पाठीच्या वळणावरून जाते आणि माप फुगते, म्हणून शेवटी त्याला भिंतीला टेकून उभे केले, दोन्ही खांद्यांना एकेक पाट उभा लावला आणि पाटांमधले अंतर मोजले. साडेएकवीस इंच भरले. वस्तादांनी इतकी वर्षे ज्या खांद्यांवर मेहनत घेतली ते आता वाढू देऊ नकोस, असे त्याची आई त्याला सांगत होती, आणि तो खिडकीची रुंदी किती असते ते कंत्राटदाराला विचारायचे म्हणून कागदावर लिहून घेत होता.